सहा मिनिटांची वजनरहित प्रयोगशाळा

अवकाशयानात तरंगणारी माणसे व वस्तू यांचे दृश्य आता शाळकरी मुलांच्याही परिचयाचे झाले आहे. त्यावरून अवकाशात गुरुत्वाकर्षण नसते, असा समज सर्वत्र रूढ झालेला दिसतो. तो बरोबर नाही. जमिनीपासून २५० किलोमीटर उंचीवर पृथ्वीचे आकर्षण भूपृष्ठावरील आकर्षणाच्या सुमारे ९२ टक्के असते. तेथे वस्तू वजनरहित होते ती आकर्षणाच्या अभावाने नव्हे, तर ती आणि तिच्याभोवतीचे पात्र दोन्ही एकाच गतीने, अडथळ्यावाचून पडत असल्यामुळे. शिक्षकांना हे वर्गातही दाखविता येते. बुडाशी छिद्र पाडलेला, पाण्याने भरलेला डबा हातात धरला तर धार वाहते. तोच डबा उंचावरून सोडून दिला तर जमिनीवर आदळेपर्यंत धार थांबलेली असते. त्या क्षणार्धात डब्यातील पाणी वजनरहित असते.

हा क्षण लांबविणे हीच शास्त्रज्ञांची खरी अडचण होय. जर्मनीतील ब्रेमेन येथे १४६ मीटर उंचीचा मनोरा आहे. त्यातील निर्वात नळीत उपकरणे वरून सोडली असता पावणेपाच सेकंद मिळतात. विशिष्ट कमानीच्या मार्गाने उडविलेल्या विमानात सुमारे वीस सेकंद मिळतात, परंतु विमानाची थरथर नाजूक प्रयोगांना बाधते. उपग्रहात किंवा अवकाशस्थानकात वेळेला तोटा नाही. मात्र तेथे जागा मिळविण्यास वर्षे लागतात आणि खर्चही फार येतो. या दोहोंच्या मधली जागा साउंडिंग रॉकेट या लहान अग्निबाणाने भरून काढली.

खलाशी दोरीला शिसे बांधून समुद्राच्या खोलीचा ठाव घेत. त्या क्रियेच्या इंग्रजी नावावरून या अग्निबाणाला हे नाव पडले. ध्वनीशी त्याचा संबंध नाही. तो वर जातो, ठाव घेतो आणि परत येतो, पृथ्वीभोवती प्रदक्षिणा घालीत नाही. भारताच्या अवकाश कार्यक्रमाचा प्रारंभ अशाच अग्निबाणाने झाला. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा येथून तो उडाला. थुंब्याहून उडणारे अग्निबाण मुख्यतः वरच्या वातावरणाचा अभ्यास करीत आले. त्याच वाहनाच्या पोटात धातू वितळविण्याची भट्टी किंवा जिवंत पेशींची कुपी ठेवावी आणि पडण्याच्या काळातच प्रयोग उरकावा, ही कल्पना नंतरची.

अमेरिकेने १९७५ मध्ये ‘स्पार’ या नावाने असा कार्यक्रम सुरू केला आणि १९८३ पर्यंत चालविला. जर्मनीच्या ‘टेक्सस’ मालिकेचे पहिले उड्डाण डिसेंबर १९७७ मध्ये स्वीडनच्या उत्तर टोकाकडील किरुना शहराजवळच्या एसरेंज तळावरून झाले. ही मालिका आजही चालू आहे. स्वीडनने १९८७ पासून ‘मेसर’ ही आपली मालिका त्याच तळावरून चालविली. जपाननेही १९९१ ते १९९८ या काळात अशी उड्डाणे केली. प्रारंभीच्या टेक्सस उड्डाणांसाठी ब्रिटिश बनावटीचा ‘स्कायलार्क’ अग्निबाण वापरीत. २००५ च्या मे महिन्यात त्याचे ४४१ वे व अखेरचे उड्डाण झाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून ब्राझीलच्या ‘व्ही.एस.बी.-३०’ या दोन टप्प्यांच्या अग्निबाणाने त्याची जागा घेतली. युरोपातील प्रयोगांसाठी ब्राझीलसारख्या विकसनशील देशाने वाहन पुरवावे, ही गोष्ट मुद्दाम नोंदविण्याजोगी आहे.

उड्डाण कसे होते

मार्ग सरळ राहावा म्हणून अग्निबाण भोवऱ्याप्रमाणे स्वतःभोवती फिरत वर चढतो. इंधन एका मिनिटाच्या आतच संपते. परंतु फिरत्या वस्तूत वजनरहित अवस्था खरी नसते, म्हणून दोरांना बांधलेली दोन वजने बाहेर सोडली जातात. ती उलगडत दूर जाताना फिरण्याचा वेग आपल्याबरोबर घेऊन जातात आणि अग्निबाण जवळजवळ स्थिर होतो. जळालेले भाग गळून पडतात. उरलेली गती वायूच्या बारीक फवाऱ्यांनी मारली जाते. सुमारे १०० किलोमीटर उंचीवर हवेचा अडथळा नगण्य होतो आणि तेथून प्रयोगाची वेळ सुरू होते. २५० किलोमीटरपर्यंत चढण्यास सुमारे तीन मिनिटे आणि पुन्हा १०० किलोमीटरपर्यंत उतरण्यास तितकीच, अशी सहा मिनिटे मिळतात. या काळात उरलेला वजनाचा अंश दहा हजारांत एक भागाहूनही कमी असतो. शास्त्रज्ञ तळावर बसून दूरचित्रवाणीच्या पडद्यावर नमुना पाहतात आणि गरज पडल्यास भट्टीचे तापमानही बदलतात. पुढे हवेशी घर्षण होऊन वेग मंदावतो, हवाई छत्री उघडते आणि हेलिकॉप्टर बर्फात पडलेली उपकरणे उचलून आणते. सजीव नमुने उड्डाणापूर्वी थोडाच वेळ आत ठेवता येतात आणि लवकर हाती येतात. ही सोय उपग्रहात सहसा मिळत नाही.

अधिक वेळ हवा असल्यास ‘मॅक्सस’ हा मोठा अग्निबाण वापरला गेला. तो सुमारे ७०० किलोमीटर उंची गाठून बारा मिनिटांहून अधिक अवधी देई. त्याचे १९९१ मधील पहिले उड्डाण मात्र फसले. दिवसांचा अवधी लागणाऱ्या प्रयोगांना उपग्रहच हवा. भारताने जानेवारी २००७ मध्ये ‘एस.आर.ई.-१’ ही कुपी बारा दिवस कक्षेत ठेवून बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरविली, ती अशाच प्रयोगांसाठी.

सहा मिनिटांत काय कळले

दुधावर साय येते ती स्निग्धांश हलका असल्यामुळे. वितळलेल्या धातूंतही हेच घडते. जड धातू तळाशी जातो. ॲल्युमिनियम व इंडियम हे दोन धातू फार तापविले असता एकजीव होतात, परंतु निवताना वेगळे होतात आणि जड इंडियम खाली बसते. वजनच नाहीसे केले तर इंडियमचे बारीक कण सर्वत्र सारखे विखुरलेले राहतील आणि नवे मिश्रधातू मिळतील, अशी अपेक्षा होती. परत आलेले नमुने कापून पाहिले तेव्हा आश्चर्य वाटावे असे दृश्य दिसले. ॲल्युमिनियम मध्यभागी गोळा झाले होते आणि इंडियम त्याच्याभोवती, पात्राच्या भिंतीलगत होते. धातू वेगळे झाले होतेच, केवळ निराळ्या मांडणीने. पात्राच्या भिंतीला अधिक चिकटणारा द्रव कोणता आणि तापमानानुसार पृष्ठताण कसा बदलतो, या गोष्टींचे बळ भूपृष्ठावर वजनाच्या आड झाकलेले असते. ते येथे उघडे पडले. अवकाशात कारखाने काढण्याची त्या काळची भाषा यामुळे थंडावली. परंतु ओतकामाचे गणित सुधारण्यास ही माहिती त्या स्वप्नाहून अधिक उपयोगी होती.

वनस्पतींविषयीचा एक प्रयोग याहूनही बोलका आहे. तळ्यातील ‘कारा’ या शैवालाला मुळांसारखे तंतू असतात आणि ते खाली वाढतात. तंतूच्या टोकाजवळ बेरियम सल्फेटचे सूक्ष्म स्फटिक असून त्यांच्या साहाय्याने पेशीला ‘खाली’ कोणते ते कळते. हे स्फटिक टोकाशी पार तळाला न बसता किंचित वर का राहतात, हा प्रश्न होता. जर्मनीतील बॉन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी टेक्ससच्या उड्डाणांत सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून ते पाहिले. वजन नाहीसे होताच स्फटिक टोकापासून दूर सरकू लागले. विहिरीतील भरली घागर दोराने तोलून धरलेली असावी आणि एकाएकी तिचे वजन जावे, म्हणजे दोराच्या ओढीने ती जशी वर येईल, तसाच हा प्रकार. पेशीतील प्रथिनांचे तंतू स्फटिकांना सतत वर ओढीत असतात आणि भूपृष्ठावर ही ओढ स्फटिकांच्या वजनाशी तोललेली असते, हे यावरून स्पष्ट झाले. सहा मिनिटे पुरली, कारण प्रश्न नेमका होता.

ज्यांच्या भूमीवर अग्निबाण पडतात

एसरेंजच्या उत्तरेस ५,००० चौरस किलोमीटरांहून मोठे क्षेत्र अग्निबाण उतरण्यासाठी राखले आहे. ते निर्मनुष्य म्हणून निवडले गेले. तथापि तेथे सामी लोक पिढ्यान्‌पिढ्या रेनडिअर चारीत आले आहेत. त्यांना उड्डाणाची पूर्वसूचना द्यावी लागते, त्यांच्यासाठी आसरेही बांधण्यात आले. वारा प्रतिकूल असेल तर उड्डाण पुढे ढकलले जाते. तरीही गणित चुकू शकते. २४ एप्रिल २०२३ रोजी टेक्सस-५८ ची उपकरणे नियोजित जागा सोडून नॉर्वेच्या हद्दीत सुमारे १५ किलोमीटर आत, एका डोंगरावर उतरली. सर्वांत जवळची वस्ती सुमारे १० किलोमीटरवर होती. कोणालाही इजा झाली नाही आणि उपकरणे हेलिकॉप्टरने परत आणण्यात आली. परंतु रीतसर कळविण्यात कसूर झाल्याची तक्रार नॉर्वेच्या परराष्ट्र खात्याने केली, आणि मार्ग कसा चुकला याची चौकशी तळाच्या चालकांना करावी लागली.