झाकण आणि झरोके

अमेरिकेत मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डेची सुट्टी असते आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी लेबर डेची. या दोन सोमवारांमध्ये जो उन्हाळा पसरलेला असतो, त्यात आळीतल्या एखाद्या तरी घरामागे ग्रिल पेटलेले नाही असा शनिवार-रविवार सहसा जात नाही, आणि ४ जुलैच्या स्वातंत्र्यदिनी तर दुपार कलली की साऱ्या वस्तीवर कोळशाच्या आणि भाजणीच्या वासाचा अंमल बसतो. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी हा परिपाठ आनंदाने स्वीकारला असून, महाराष्ट्र मंडळांच्या उन्हाळी सहलींत कणसे, पनीर, मसाला चोळलेली कोंबडी आणि भरताची वांगी यांच्यासाठी सार्वजनिक उद्यानांतील शेगड्या सकाळीच अडवल्या जातात. परंतु ज्या उपकरणाभोवती हा सारा उत्सव चालतो, त्याच्या अंगोपांगांची ओळख करून घेण्याची तसदी फार थोडे लोक घेतात. दुकानात गेलेला गृहस्थ पोलादाची चकाकी, बर्नरांची संख्या आणि दोन्ही बाजूंच्या फळ्या पाहून पसंती ठरवतो. माझे मत असे की, त्याने सर्वप्रथम झाकण पाहावे आणि लगोलग हवेचे झरोके. कारण ग्रिल हे मुळात हवेचा बंदोबस्त करण्याचे साधन आहे, आणि बाकीचा सगळा सरंजाम त्या बंदोबस्ताच्या दिमतीला आहे.

झाकण नसले म्हणजे काय होते, ते उद्यानातील शेगडीपाशी उभे राहिल्यावर चांगले कळते. जमिनीत पुरलेल्या लोखंडी खांबावर एक उघडी पेटी, तिच्यात कोळसा, आणि वर एक जड जाळी, जी मुठीला धरून उचलावी आणि वरच्या किंवा खालच्या खाचेत अडकवावी. इथे आग हवी तेवढी हवा घेते, वारा सुटला की भडकते, पडला की मंदावते, आणि माणसाच्या हाती एकच उपाय उरतो, तो म्हणजे पदार्थ आगीजवळ आणणे किंवा तिच्यापासून दूर नेणे. कणसासाठी ही सोय पुरेशी आहे. पण जाड मांसाचा तुकडा किंवा अख्खी कोंबडी इथे भाजायला घेतली, तर बाहेरचा भाग करपतो आणि आत कच्चेपणा राहतो.

याच अडचणीने १९५२ साली शिकागोच्या जॉर्ज स्टीफन या गृहस्थाला बेजार केले होते. तो वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स या कारखान्यात काम करी, आणि तिथे इतर धातुकामाबरोबर पाण्यावर तरंगणारे पोलादी बोये तयार होत. घरी बारा मुलांचे कुटुंब, अंगणात भाजण्याची हौस दांडगी, आणि त्या काळच्या उथळ, उघड्या शेगड्यांवर वाऱ्याने राख उडून अन्नात पडे, पाऊस आला की सगळाच खोळंबा होई. तेव्हा बोयाच्या त्या पोकळ गोळ्याचे दोन भाग घ्यावे, खालच्याला तीन पाय लावावे आणि वरच्याला मूठ बसवून त्याचे झाकण करावे, अशी तजवीज त्याने केली. सांगतात ते असे की, पहिल्या प्रयोगात झाकण ठेवताच आग गुदमरून विझू लागली आणि गोळ्याला भोके पाडल्यावरच ती नीट धगधगू लागली. पुढे वेबर कंपनीची जी किटली-शेगडी घरोघर पोहोचली, तिचे मर्म या दोन कृतींत आहे: आगीवर झाकण घालणे, आणि झाकलेल्या आगीला मोजून श्वास देणे.

या किटलीची रचना खालून वर पाहत गेले की तिच्यातील विचार उलगडतो. तीन पायांपैकी दोहोंच्या बुडाशी चाके असतात. त्यांच्या वर राख झेलणारे भांडे. आणि भांड्याच्या वर, कढईसारख्या खोल तळाशी, खालचे झरोके. नव्या नमुन्यांत या झरोक्यांवर तीन पाती फिरतात, जी एकाच दांड्याने हलतात आणि दोन कामे करतात: झरोका कमीजास्त उघडतात, आणि तळाशी साचलेली राख झाडून खालच्या भांड्यात लोटतात. हे दुसरे काम गौण समजू नये. राखेने झरोके बुजले की दांडा पूर्ण उघडा असूनही हवा आत शिरत नाही, निखारे मलूल पडतात, आणि माणूस विनाकारण कोळसा वाढवत बसतो. झरोक्यांच्या वर कोळशाची जाळी असते. कोळसा तळाला न टेकता तिच्यावर अधांतरी राहतो, म्हणून त्याला खालून हवा मिळते. आपल्या शेगडीतही कोळसा जाळीवर आणि हवेचे दार खाली अशीच व्यवस्था असे. आपल्या शेगडीला नव्हते ते वरचे झाकण. त्यानंतर काही बोटे अंतर सोडून भाजण्याची जाळी, आणि सर्वांवर घुमट, ज्याच्या माथ्यावर आणखी एक फिरता झरोका असतो.

खालच्या झरोक्यातून थंड हवा आत येते, निखाऱ्यांतून तापते, हलकी होऊन वर चढते, घुमटाच्या आतील बाकावरून वळते आणि माथ्याच्या झरोक्यातून बाहेर पडते. ती बाहेर पडते म्हणूनच खालून नवी हवा ओढली जाते. या ओढीवर हुकमत मिळवणे म्हणजे ग्रिल चालवणे. अनुभवी लोक वरचा झरोका बहुधा उघडाच ठेवतात आणि आच खालच्या झरोक्याने राखतात, कारण वरची वाट बंद केली तर अर्धवट जळलेला धूर आत कोंडून पदार्थाला कडवट वास लागतो. धुराचा रंग पाहूनही आगीची प्रकृती ओळखता येते: दाट पांढरा धूर निघत असेल तर ज्वलन अपुरे आहे, आणि जेमतेम दिसणारी निळसर रेघ उठत असेल तर अन्न जाळीवर ठेवण्याची वेळ झाली आहे. स्वयंपाक संपल्यावर दोन्ही झरोके बंद करावे. प्राणवायू तुटला की निखारे आपोआप विझतात, आणि उरलेला कोळसा पुढच्या खेपेला उपयोगी पडतो.

झाकणामुळे आणखी एक मुभा मिळते, आणि माझ्या दृष्टीने ती सर्वांत मोलाची आहे. कोळसा सगळ्या तळावर न पसरता एका अंगाला लोटला, तर जाळीचे दोन इलाखे होतात: एका बाजूला थेट आच, दुसऱ्या बाजूला झाकणाखाली फिरणारी गरम हवा. भरताचे मोठे वांगे या पद्धतीने भाजून पाहावे. तेलाचा हात फिरवून, सुरीने दोन टोचे देऊन ते प्रथम थेट निखाऱ्यांवर ठेवावे. साल तडकते, काळी पडते, देठाजवळ रस फुटून चुरचुरतो, आणि त्या रसाचे थेंब खाली पडताच जी वाफ व धूर उठतो तो वांग्याच्या अंगी मुरतो. चारी बाजूंनी साल काळी झाली की वांगे कोळसा नसलेल्या बाजूला सरकवावे, झाकण घालावे, माथ्याचा झरोका वांग्याच्या डोक्यावर येईल असे ते फिरवावे, म्हणजे बाहेर पडणारी गरम हवा त्याच्यावरूनच जाईल. आतला गर देठापर्यंत मऊ होतो, आणि तो सगळा धुराने सुगंधित झालेला असतो. मांसाच्या बाबतीत हाच क्रम पुष्कळदा उलटा करतात, आधी मंद बाजू आणि शेवटी थेट आच. त्यामागचे कारण असे की, भाजल्याचा तो तपकिरी रंग आणि खमंगपणा ज्या रासायनिक क्रियेमुळे येतो, आणि जिचे वर्णन लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली केले, ती साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे वेग घेते, आणि पृष्ठभाग ओला असेपर्यंत त्याचे उष्णतामान १०० अंशांच्या आसपासच अडकून राहते.

इंधनाविषयी थोडक्यात. लाकडाच्या ओबडधोबड कोळशाबरोबर अमेरिकेत दाबून केलेल्या उशीच्या आकाराच्या वड्या फार खपतात. त्यांचे पेटंट पेनसिल्व्हेनियाच्या एल्सवर्थ झ्वॉयर याने १८९७ साली घेतले होते, आणि १९२० नंतरच्या दशकात हेन्री फोर्डने मिशिगनमधील आपल्या मोटारींच्या लाकूडकामातून उरलेल्या तुकड्यांपासून त्या मोठ्या प्रमाणावर करवल्या. आजचा ‘किंग्जफोर्ड’ कोळसा ही त्याच उद्योगाची परंपरा. ओबडधोबड कोळसा लवकर पेटतो, तीव्र तापतो आणि राख कमी करतो. वड्या एकसारख्या आचेने अधिक वेळ जळतात. दोन्ही पेटवण्यासाठी पत्र्याचे उभे नळकांडे वापरावे: खाली चुरगळलेला कागद, वर कोळसा, आणि पंधरा-वीस मिनिटांत वरच्या थरावर करडी राख धरलेली दिसते. पेटवण्याचे तेल ओतण्याची प्रथा मला मान्य नाही. पुरते जळून गेले नाही तर त्याचा दर्प अन्नाला लागतो.

गॅसच्या ग्रिलमध्ये हवेचा कारभार कारखान्यानेच ठरवून दिलेला असतो. २० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ९ किलोंच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन द्रवरूपात असतो आणि साध्या उन्हाळी हवेतही त्याचा दाब वातावरणाच्या आठपटींहून अधिक असतो. हा दाब रेग्युलेटर अगदी अल्प करतो, आणि मग नळी, झडपा व बर्नर या क्रमाने वायू पुढे जातो. बर्नरच्या तोंडाशी जिथे वायू आणि हवा मिसळतात, त्या अरुंद नळीत कोळी जाळी विणतात, ही गोष्ट ऐकणाऱ्याला नवल वाटावी अशी असली तरी उत्पादक तिची इतकी दखल घेतात की नळीच्या तोंडावर बारीक जाळी बसवून देतात. निळी ज्योत पिवळी आणि आळशी झाली, तर पहिला संशय या नळीचा घ्यावा. दुसरी तक्रार पुष्कळांची असते: सर्व बटणे पूर्ण उघडूनही ज्योत वर येत नाही. बटण आधी उघडून मग सिलिंडर झटक्यात उघडला, तर रेग्युलेटर गळती झाल्याचे समजून वायू रोखतो. सगळे बंद करून, थोडे थांबून, सिलिंडर सावकाश उघडला की प्रकृती पूर्ववत होते. बर्नरांच्या वर उलट्या व्ही आकाराच्या पट्ट्या असतात, ज्या वेबरने १९८५ साली आपल्या ‘जेनेसिस’ नमुन्यात आणल्या. त्यांच्यावर चरबी पडून तिची वाफ व धूर होतो, आणि न जळलेली चरबी ओघळून खालच्या तबकात जाते. हे तबक वेळोवेळी रिकामे केले नाही तर आगीला आयते निमंत्रण मिळते. जाहिरातीतल्या बीटीयूच्या आकड्याने दिपून जाऊ नये. तो किती वायू जळतो ते सांगतो, किती उष्णता झाकणाखाली टिकते ते सांगत नाही.

जाळीची निवड स्वभावाप्रमाणे करावी. बिडाची जाळी उष्णता साठवते आणि पदार्थावर ठळक पट्टे उमटवते, परंतु तेलाचा हात न दिल्यास गंजते. स्टेनलेस पोलादाच्या जाड सळ्यांची निगा सोपी. घासण्यासाठी तारेचा ब्रश वापरला तर त्याच्या तारा तुटून जाळीवर राहतात आणि अन्नातून पोटात जाऊन शस्त्रक्रियेची पाळी आल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. लाकडी खरवडणी त्याहून निर्धोक. झाकणावरचा तापमापक घुमटाचे उष्णतामान सांगतो, जाळीचे नव्हे, म्हणून कोंबडीसाठी सुईचा तापमापक मांसाच्या सर्वांत जाड भागात खुपसावा आणि ७४ अंश सेल्सिअस दिसल्याखेरीज ती उतरवू नये.

आता पुण्या-मुंबईतही छोटी ग्रिल विकत मिळतात आणि ती सज्जात पेटवण्याचा मोह अनेकांना होतो. त्यांना आग्रहाची विनंती आहे. झरोके आवळलेला कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो, ज्याला रंग नाही आणि वास नाही, आणि बंदिस्त सज्जात किंवा गॅरेजमध्ये तो दार उघडे असतानाही साचू शकतो. गॅसचे ग्रिल पेटवताना झाकण उघडे ठेवावे, कारण प्रोपेन हवेहून जड असून आत साचून राहतो. जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते हंगामाच्या आरंभी पाहावे. ग्रिल घराच्या भिंतीपासून दहा फूट दूर, उघड्या आकाशाखाली ठेवावे, आणि राख पुरे दोन दिवस निवल्याशिवाय कचऱ्यात टाकू नये.