पिकअपची विस्तारित केबिन : आसनामागील जागेचा विचारपूर्वक वापर

बंगळुरूच्या पूर्वेकडील महादेवपुरा परिसर २००७ मध्ये महानगरपालिकेत समाविष्ट झाला. आज तेथील व्हाइटफील्ड पट्ट्यात संगणक कंपन्यांच्या जोडीने वाहन अभियांत्रिकीचे कामही चालते. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने २००३ मध्ये येथे तंत्रकेंद्र सुरू केले. या कंपनीच्या कोलोरॅडो पिकअपला अमेरिकेत विस्तारित केबिनचा पर्याय मिळत असे. याच परिसराला लागून असलेल्या कृष्णराजपुरम मार्गाने कोलारचा टोमॅटो शहरात येतो. तो वाहणारी पिकअप वाहने मात्र बहुतांशी साध्या, एका ओळीच्या केबिनची असतात. विस्तारित केबिन आपल्या शेतीस कितपत उपयुक्त ठरेल, याचा विचार करताना केवळ चालकाची सोय पाहणे पुरेसे नाही. आसनामागे काय ठेवले जाते, हा पीक संरक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न आहे.

रचना

साध्या केबिनमध्ये आसनाच्या पाठीमागे लगेच पत्रा येतो, तर दुहेरी केबिनमध्ये दुसरी पूर्ण आसनओळ व चार दरवाजे असतात. विस्तारित केबिन या दोहोंच्या मधली होय. तीत आसनामागे सामानापुरती किंवा घडीच्या लहान आसनांपुरती बंदिस्त जागा मिळते. डॉज कंपनीने १९७३ च्या मॉडेलमध्ये 'क्लब कॅब' या नावाने ही रचना आणली, तर वर्षभरात फोर्डची 'सुपरकॅब' आली. पुढे काही पिकअपना मागील बाजूस बिजागरी असलेले छोटे दरवाजे बसवण्यात आले. पुढचा दरवाजा उघडल्याशिवाय ते उघडत नाहीत. मात्र दोन्ही उघडल्यावर मध्ये खांब नसल्याने सामान चढवणे सुलभ होते. भारतात इसुझूने डी-मॅक्सची 'स्पेस कॅब' बाजारात आणली होती.

जागेचे मोल

सांगाड्याची लांबी तीच राहिल्यास केबिन जेवढी वाढते तेवढा हौदा आखूड होतो. सुमारे ३ मीटर लांबीच्या हौद्यात ३६० मिलिमीटर रुंदीच्या क्रेटच्या आठ ओळी बसतात. केबिनसाठी ३५० मिलिमीटर जागा दिली, तर सातच ओळी बसतील. एका ओळीत तीन क्रेट व चार थर धरल्यास १२ क्रेट कमी झाले. प्रति क्रेट २० किलो धरता हे प्रत्येक खेपेस २४० किलो होतात. रोज पूर्ण भार बाजारात नेणाऱ्यास हा तोटा परवडणारा नाही. गावोगावी जैविक निविष्ठा पोहोचवणारी प्रयोगशाळा, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा विस्तार कार्यकर्ता यांचे गणित मात्र वेगळे असते.

सजीव निविष्ठांची वाहतूक

ट्रायकोकार्डवर तांदळावरील पतंगाची सुमारे २० हजार परोपजीवीग्रस्त अंडी असतात. ही कार्डे थंड जागी ठेवावी लागतात. उन्हाने तापलेल्या पत्र्याच्या हौद्यात परोपजीवी मरू शकतात किंवा शेतात पोहोचण्यापूर्वीच बाहेर पडतात. घाटेअळीवरील विषाणू (एचएएनपीव्ही) सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे निष्प्रभ होतो. कामगंध सापळ्यांचे ल्युअरही उष्णतेपासून जपावे लागतात. अशा निविष्ठांसाठी आसनामागील सावलीची जागा सोयीची आहे. तथापि उन्हात उभ्या केलेल्या वाहनाची केबिनही तापते. म्हणून कार्डे उष्णतारोधक पेटीत ठेवावीत आणि बर्फाच्या पिशव्यांचा त्यांना थेट स्पर्श होऊ देऊ नये.

कीटकनाशके केबिनमध्ये नकोत

बंदिस्त जागा मिळाली की महागडी कीटकनाशके चोरी व पावसापासून सुरक्षित राहावीत म्हणून तेथेच ठेवण्याचा मोह होतो. हा प्रघात धोकादायक आहे. झाकण सैल झालेल्या एका बाटलीची वाफ चालकाच्या श्वासात जाते; शेजारच्या पेटीतील परोपजीवीही तिने नष्ट होऊ शकतात. घडीच्या आसनावर मूल बसले असेल, तर धोका अधिकच गंभीर होतो. कीटकनाशके नियम, १९७१ नुसार कीटकनाशकांचा खाद्यपदार्थ वा पशुखाद्याशी थेट संपर्क येईल अशी वाहतूक करण्यास मनाई आहे. म्हणून कीटकनाशकांसाठी हौद्यात घट्ट बसवलेली, कुलूपबंद व गळतीरोधक स्वतंत्र पेटी असावी आणि शक्यतो त्या खेपेस शेतमाल नेऊ नये.

हौद्याची स्वच्छताही तितकीच आवश्यक आहे. टोमॅटोवरील टूटा नागअळीची २०१४ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकात नोंद झाली. या किडीच्या अवस्था फळांबरोबर व क्रेटमधून नव्या गावी पोहोचू शकतात. सपाट तळ, मोकळे कोपरे आणि पाणी वाहून जाण्यासाठी छिद्रे असलेला हौदा धुण्यास सोपा जातो.

निवड करताना

वाहन पाहताना आसनामागील जागेची प्रत्यक्ष लांबी, पेटी बांधण्यासाठी कड्या, हौद्याची मोजमापे व नोंदणीतील आसनसंख्या तपासावी. विस्तारित केबिनचे वाहन उपलब्ध नसल्यास साध्या केबिनमध्ये सहप्रवाशाच्या बाजूस उष्णतारोधक पेटी नीट बांधूनही जैविक निविष्ठांची वाहतूक करता येते. केबिनमध्ये माणसे व सजीव निविष्ठा, हौद्यात शेतमाल आणि कीटकनाशके सदैव वेगळी, ही विभागणी पाळणे हेच खरे महत्त्वाचे. वाहन कोणतेही असो.