ऑडिओग्राम हातात आल्यानंतर
बारावी सायन्स झालेल्या बहुतेकांना ‘बीएएसएलपी’ ही अक्षरं पहिल्यांदा दिसतात ती प्रवेशाचे पर्याय भरताना, फिजिओथेरपीच्या आसपास कुठेतरी. ऑडिओलॉजी आणि स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजी, म्हणजे श्रवण आणि वाचा या दोन्हींची ही एकत्र पदवी. तीन वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप अशी चार वर्षं लागतात. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कॉलेजांतला प्रवेश नीटच्या गुणांवर होतो, आणि पदवीनंतर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी केल्याशिवाय व्यवसाय करता येत नाही. म्हैसूरची ‘आयश’, वांद्र्याची अली यावर जंग संस्था, मुंबईतलं नायर रुग्णालय, पुण्यातलं भारती विद्यापीठ ही नावंही सहज सापडतात. पण कानाची तपासणी करायला शिकणं हा या शिक्षणाचा सुरुवातीचा भाग आहे. उरलेला सगळा भाग भाषेचा आणि पाठपुराव्याचा आहे, ही गोष्ट माहितीपुस्तिकेत ठळकपणे लिहिलेली नसते. ती आधी कळली तर विद्यार्थी कॉलेजही वेगळ्या नजरेने निवडेल.

तपासणी सोपी असते, असा याचा अर्थ नाही. रुग्णाचा डावा कान पूर्ण निकामी आहे आणि उजवा चांगला आहे, असं समजा. डाव्या कानाला हेडफोनमधून मोठा आवाज दिला की तो कवटीच्या हाडातून उजव्या कानापर्यंत पोचतो आणि रुग्ण प्रामाणिकपणे ‘ऐकू आलं’ म्हणून बटण दाबतो. हे टाळण्यासाठी चांगल्या कानात मुद्दाम खरखर सोडून त्याला गुंतवून ठेवावं लागतं. याला मास्किंग म्हणतात. ते चुकलं की मेलेला कान ऑडिओग्रामच्या, म्हणजे श्रवण-आलेखाच्या, कागदावर जिवंत दिसतो. नवजात बाळांचं उदाहरण याहून बोलकं आहे. झोपलेल्या बाळाच्या कानात छोटं प्रोब ठेवून होणारी ओएई चाचणी कानातल्या बाह्य केसपेशींचा प्रतिसाद टिपते आणि काही मिनिटांत ‘पास’ दाखवते. पण काही बाळांमध्ये, विशेषतः जन्मानंतर तीव्र कावीळ झालेल्यांत, या पेशी शाबूत असतात आणि पुढे मज्जातंतूतून मेंदूकडे जाणारा संदेशच विस्कटलेला असतो. तिथे ओएई पास होते आणि हा संदेश तपासणारी बेरा चाचणी बिघाड दाखवते. बाळाला आयसीयूत ठेवलं होतं का, कावीळ किती वाढली होती, हे आईला विचारायचं कोणाला सुचलं, यावर पुढचं सगळं ठरतं.

आणि इथे घड्याळ चालू असतं. एक महिन्यात चाळणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपचार हा जगभर मानला जाणारा दंडक आहे, कारण भाषा रुजण्याचा काळ थांबून राहत नाही. केंद्राच्या एडिप योजनेतून लहान मुलांना कॉक्लिअर इम्प्लांट मिळतं; पण शस्त्रक्रियेनंतर मुलाला मिळतो तो आवाज, त्यातून शब्द घडायला महिनोन् महिने थेरपी लागते. म्हाताऱ्यांचीही अडचण शेवटी भाषेचीच असते. वयानुसार उच्च वारंवारतेचं ऐकणं आधी जातं. स्वर कमी वारंवारतेचे, म्हणून ते टिकतात. ‘स’सारखी व्यंजनं निसटतात. मग गोळी सातला घ्यायची की आठला, याचा घोळ होतो आणि आजी म्हणतात, ‘ऐकू येतं गं, पण कळत नाही.’ हे किती बिघडलं आहे ते शब्द ऐकवून, ते परत म्हणायला लावून तपासतात. घरात आयुष्यभर अहिराणी बोललेल्या बाईला पुस्तकी मराठीचे शब्द ऐकवले तर तिचा चुकलेला शब्द कानामुळे चुकला की अनोळखी असल्यामुळे, हे तपासणाऱ्यालाच ओळखावं लागतं. यंत्र कुठल्याही कंपनीचं असो, त्याला ते सांगता येत नाही.

यावर एक आक्षेप असा की दोन विषय एका पदवीत कोंबले की दोन्ही कच्चे राहतात. अमेरिकेत ऑडिओलॉजी ही स्वतंत्र व्यावसायिक डॉक्टरेट आहे. आक्षेपात तथ्य आहे. श्रवणयंत्राचं तंत्र इतकं वाढलंय की तीन वर्षं अपुरीच पडतात. पण खोली मिळवायला आपल्याकडे पुढे ऑडिओलॉजीचं वेगळं एमएस्सी आहे. जिल्ह्याच्या गावात मात्र मूल तपासणारा एक आणि त्याला बोलायला शिकवणारा दुसरा, असे दोन तज्ज्ञ मिळण्याची शक्यता फार कमी. तिथे एकत्र पदवीच कामाला येते.

दुसरा आक्षेप तरुणांना जास्त छळतो: फोनच कान तपासणार असेल तर आमची गरज काय? अमेरिकेच्या एफडीएने 2022 मध्ये दुकानातून थेट घेता येणाऱ्या श्रवणयंत्रांना वाट मोकळी केली, आणि 2024 मध्ये ॲपलच्या इअरबड्समधल्या श्रवणयंत्राच्या सोयीलाही मान्यता दिली. ही लाट आपल्याकडेही येईल. पण ती सवलत अठरा वर्षांवरच्या, सौम्य ते मध्यम दोष असलेल्यांसाठी आहे. लहान मुलं, तीव्र बहिरेपणा, एकाच कानाचा दोष, इम्प्लांट हे सगळं तिच्या बाहेर राहतं. ज्यांचं काम यंत्र विकण्यापुरतं होतं त्यांना फटका बसेल, आणि बसावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या अहवालानुसार जगात सुमारे 43 कोटी लोकांना श्रवणाच्या पुनर्वसनाची गरज आहे. इतक्या लोकांचं काम इअरबड्सवर भागणारं नाही.

राहिला पैशांचा प्रश्न, आणि तो टाळून उपयोग नाही. अनेक नव्या पदवीधरांची पहिली नोकरी श्रवणयंत्राच्या दुकानात असते. तिथे पगाराला विक्रीच्या टार्गेटची जोड असली की महागडं यंत्र गळ्यात मारण्याचा मोह होतो. ते यंत्र पंधरा दिवसांत डब्यात जातं, कारण साचा कानात नीट बसलेला नसतो, शिट्टी वाजत राहते आणि पुन्हा बोलावून आवाज जुळवून देणारं कोणी नसतं. म्हणून कॉलेज पाहायला जाताना वसतिगृहाच्या आधी तिथली ओपीडी पाहावी. रोज किती रुग्ण येतात, बेरा विद्यार्थी स्वतः करतात की लांबून पाहतात, यंत्र दिलेले रुग्ण तीन महिन्यांनी परत येतात का, थेरपीच्या खोलीत आईला मुलाशेजारी बसवतात का, हे तिथल्या इंटर्नला विचारावं. प्राचार्यांपेक्षा तो मोकळेपणाने सांगेल.