श्रीगंधाची भट्टी

आमच्या सांगलीच्या घरी देवघरात आजीची सहाण आहे आणि तिच्यावर बोटभर उरलेलं चंदनाचं खोड. लहानपणी पूजेआधी ते उगाळायचं काम माझ्याकडे असे. त्यामुळे म्हैसूरच्या मानंदवाडी रस्त्यावर सरकारी चंदन तेल कारखान्याच्या फाटकात शिरताच जो वास आला तो ओळखीचाच होता. सहाणेवर तो चिमूटभर असायचा, इथे सगळ्या आवारात भरून राहिला होता.

कारखाना दाखवणारे काका निवृत्तीला आलेले. चंदनाला ते कानडी रीतीने ‘श्रीगंध’ म्हणत. आम्ही मराठी माणसं कपाळावर लावतो त्यालाच गंध म्हणतो, असं मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. मग त्यांनी घाई केली नाही.

चंदनाचं झाड तोडत नाहीत, मुळासकट खणून काढतात, कारण तेल सर्वांत जास्त मुळांत असतं. बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला वास नाही. तो आतल्या तपकिरी गाभ्याला, आणि गाभा धरायलाच दहा-पंधरा वर्षं जातात. हे झाड एकटं नीट वाढतही नाही. शेजारच्या झाडांच्या मुळांना आपली मुळं चिकटवून ते त्यांच्याकडून पाणी आणि क्षार घेतं.

गाभ्याच्या ढलप्या काढून त्यांची भुकटी करतात आणि ती मोठ्या बंद भांड्यांत भरून खालून वाफ सोडतात. वाफ तेल सोबत घेऊन वर जाते, थंड नळ्यांतून जाताना तिचं पाणी होतं, आणि तेल पाण्याहून हलकं असल्यामुळे वर तरंगतं. १०० किलो गाभ्यातून साधारण ४ ते ६ किलो तेल, तेही सावकाश. वाफेची घाई केलेली चालत नाही, असं काका दोनदा म्हणाले.

मला सर्वांत भावली ती या भट्टीच्या जन्माची गोष्ट. म्हैसूर संस्थान पूर्वी चंदनाचं लाकूडच परदेशी पाठवी आणि तेल तिकडे निघे. १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं, बाजार बंद झाला आणि ओंडके इथेच पडून राहिले. राजे होते नाल्वडी कृष्णराज वडियार आणि दिवाण विश्वेश्वरय्या. पुण्यात शिकलेले, खडकवासला धरणाला स्वयंचलित दारं बसवणारे ते हेच. लाकूड विकलं जात नाही तर तेल आपणच काढू, असं ठरलं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक सडबरो आणि वॉटसन यांनी पद्धत बसवून दिली. १९१६ मध्ये बंगळुरूत तेल निघालं, १९१७ मध्ये म्हैसूरचा हा कारखाना उभा राहिला आणि १९१८ मध्ये त्याच तेलाचा साबण आला. हत्तीचं डोकं आणि सिंहाचं धड असलेला शरभ आजही त्या वडीवर आहे. अडचणीत सापडलेल्या संस्थानाने दोन वर्षांत विज्ञान हाताशी धरलं, याचा मला फार आदर वाटतो. राजवाड्याइतकाच वेळ या शेडला द्यावा, असं मी प्रत्येकाला सांगते.

आता लाकूडच कमी मिळतं. टिपूच्या काळापासून चंदन राज्याच्या मालकीचं. स्वतःच्या शेतातलं झाडही आपलं नसे, मग लावणार कोण? कर्नाटकाने २००१ मध्ये कायदा बदलला, पण गाभा काही कायद्याने लवकर धरत नाही.

निघताना काकांनी तेल काढून झालेल्या भुकटीची मूठ माझ्या ओंजळीत टाकली. ती उदबत्तीसाठी जाते. ओली, अजून कोमट होती. मी ती नाकाजवळ नेली. वास होता, आजीच्या सहाणेवर असायचा तेवढाच.