गोळी मनासाठी, तपासणी रक्ताची

स्किझोफ्रेनियावर दोन औषधे देऊनही गुण आला नाही, की डॉक्टर क्लोझापिनचा विचार करतात. औषध गुणी, पण क्वचित ते रक्तातल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी फार घटवते आणि मग साधा संसर्गही जिवावर बेततो. 1975 साली फिनलंडमध्ये असे मृत्यू झाले आणि औषध मागे पडले. 1989 मध्ये अमेरिकेने परवानगी दिली, ती नियमित रक्ततपासणीच्या अटीवर.

वेळापत्रक असे: पहिले सहा महिने दर आठवड्याला, पुढचे सहा महिने पंधरवड्याने, नंतर महिन्यातून एकदा. न्यूट्रोफिल मायक्रोलिटरमागे सामान्यतः 1500 तरी हवेत. 1000 च्या खाली गेल्यास औषध थांबवतात.

नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी एक बदल ध्यानात घ्यावा. तपासणीची नोंद असल्याशिवाय फार्मसीने गोळ्या न देण्याची केंद्रीय सक्ती जून 2025 मध्ये उठली. सक्ती गेली, धोका नाही. तपासणीची शिफारस कायम आहे. सर्वाधिक जोखीम पहिल्या काही महिन्यांत असते. ताप आला किंवा घसा धरला, तर काढ्यावर न भागवता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा आणि सीबीसी ही रक्ततपासणी करून घ्या. गोळी चालू ठेवायची की थांबवायची, हे त्यांनाच ठरवू द्या.