लिव्हर बदलायचे तर हातापायांत बळ हवे

वस्तीत कुणाला लिव्हरचा सिरॉसिस झाला की आपण त्याचे फुगलेले पोट आणि पिवळे डोळे पाहतो. दंड आणि मांड्या कुणी पाहत नाही. पोटात पाणी भरल्यामुळे काट्यावर वजन तेवढेच दिसते, पण आतून स्नायू झडत असतात. लिव्हर बदलण्याची वेळ आली तर शस्त्रक्रिया पेलवेल की नाही, हे बऱ्याच अंशी या स्नायूंवर ठरते. म्हणून या अंकात आम्ही हा विषय घेतला आहे.

निरोगी लिव्हर जेवणातली साखर साठवून ठेवते आणि रात्री शरीराला पुरवते. सिरॉसिसमध्ये हा साठा फार कमी होतो. निरोगी माणसाची दोन-तीन दिवसांच्या उपासाने जी गत होते, ती या रुग्णाची एका रात्रीत होते. शरीर आपलेच स्नायू तोडून इंधन करते. शिवाय रक्तातला विषारी अमोनिया कमी करायला स्नायू हातभार लावतात. ते झडले की अमोनिया वाढतो. रुग्ण बरळतो, दिवसा झोपतो, रात्री जागतो.

स्नायू झडलेल्या रुग्णाला नवीन लिव्हरची वाट पाहतानाच जीवाचा धोका जास्त असतो. शस्त्रक्रियेनंतर त्याला नीट खोकता येत नाही, कफ साठतो, जंतुसंसर्ग होतो आणि आयसीयूतला मुक्काम लांबतो. नवे लिव्हर बसले म्हणून गेलेले बळ आपोआप परत येत नाही. म्हणून डॉक्टर आधीच हाताची पकड, तोल आणि खुर्चीवरून पाच वेळा उठबस तपासतात. घरीही हात छातीशी बांधून, कुणाला तरी जवळ उभे करून, पाच वेळा उठून बसायला किती वेळ लागतो ते दर महिन्याला पाहावे. वेळ वाढत असेल तर डॉक्टरांना सांगावे.

‘लिव्हर खराब आहे, डाळ-अंडी बंद करा’ हा सल्ला आजही ऐकू येतो. तो आता चुकीचा ठरला आहे. सिरॉसिसच्या रुग्णाला दर किलो वजनामागे दिवसाला 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिने लागतात. पोटातले पाणी वगळून वजन 60 किलो असेल तर 72 ते 90 ग्रॅम. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम असतात. डाळ, चवळी, सोयाबीन, दूध-दही, ताजे मासे यांतून उरलेली भर घालता येते. मीठ मात्र कमी हवे. पापड, लोणचे, सुकट, खारे बोंबील टाळावेत. दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे खावे आणि झोपण्यापूर्वी दूध-भाकरीसारखे काहीतरी नक्की खावे. डॉक्टरांना विचारून रोज चालावे. जड ओझे उचलू नये.

उपासक-उपासिकांना एक विनंती. वर्षावासात आणि पौर्णिमेला आपल्यातले अनेक जण अष्टशील पाळून दुपारनंतर जेवत नाहीत. सिरॉसिसच्या रुग्णाने असे करू नये. अंग झिजवून ज्ञान मिळत नाही हे ओळखूनच सिद्धार्थाने सुजाताची खीर घेतली होती. रुग्णाने पंचशील पाळावे, त्यातले मद्यपान न करण्याचे शील तर कसोशीने. पण सिरॉसिस म्हणजे दारूच, असे समजून कुणाला हिणवू नये. हिपॅटायटीस बी, सी आणि मधुमेह-लठ्ठपणासोबत लिव्हरवर चढणारी चरबी यांनीही तो होतो.

खर्चाच्या धास्तीने घरी बसू नका. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. तथागतांनी आजारी भिक्खूला स्वतःच्या हातांनी धुतले, त्याची सेवा केली. आपल्या गल्लीतल्या रुग्णाला रात्री एक पेला दूध देणे आणि सकाळी हाताला धरून चालवणे, हीही तशीच सेवा आहे.

जय भीम!