पोटापाण्याचे पशू : लेखांक ६ – चोरिसांची माळ

मागच्या आठवड्यात शेळीचा हिशेब पाहिला. शेळी माळावर चरून येते. बंदिस्त डुकराचा मात्र प्रत्येक घास मालकालाच पुरवावा लागतो. म्हणून डुक्करपालनाचा विचार खाद्याच्या पोत्यापासून करायचा.

पिल्लांची वानवा नसते. गाभणकाळ ११४ दिवसांचा. संकरित यॉर्कशायर मादी वर्षातून दोनदा विते आणि वेताला आठ-दहा पिल्लं देते. खरा खर्च पुढचा. किलोभर वजन वाढायला साधारण तीन किलो खाद्य लागतं. दहा किलोचं पिल्लू नव्वद किलोपर्यंत न्यायचं तर २४० किलो खाद्य हवं. समजुतीसाठी दर ३० रुपये किलो धरू, म्हणजे झाले ७,२०० रुपये. पिल्लाचे ३,५०० धरा. जिवंत वजनाला किलोमागे १५० रुपये मिळाले तर हातात १३,५००. उरतात २,८००, त्यातच औषधं, शेडची डागडुजी आणि घरच्या माणसांची कित्येक महिन्यांची मेहनत. खाद्य किलोमागे पाचच रुपयांनी महागलं तरी त्यातले १,२०० गेले.

बरं, भाव पडला म्हणून थांबायची सोय नाही. शंभर किलोच्या आसपास पोचलेलं डुक्कर खातं भरपूर, पण अंगावर चढते ती चरबी. व्यापाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. अमेरिकेत डिसेंबर १९९८मध्ये कत्तलखान्यांना झेपणार नाहीत इतकी डुकरं बाजारात आली आणि भाव शंभर पौंडांना दहा डॉलरच्याही खाली घसरला. दुकानातलं मांस मात्र त्या मानाने स्वस्त झालं नाही. जनावर ज्याच्या दारात, तो बुडाला. मांस ज्याच्या हातात, तो तरला.

गोव्यातल्या घरांनी या घाईवर फार पूर्वीच उपाय शोधला, तो म्हणजे चोरिस. मांसाचे बारीक तुकडे मीठ लावून दाबून ठेवायचे, पाणी सुटलं की उन्हं दाखवायची. मग लाल मिरची, लसूण, आलं, मिरी, लवंग, दालचिनी हे सगळं माडाच्या व्हिनेगरमध्ये वाटून चोळायचं, वर थोडी फेणी. मुरलं की धुतलेल्या आतड्यात भरून दोऱ्याने मण्यामण्यांवर गाठी मारायच्या आणि माळा उन्हात किंवा चुलीवरच्या धुरात टांगायच्या. पावसाळ्याच्या बेगमीत, म्हणजे पुरुमेंतात, या माळेला मानाचं स्थान. काळीज, यकृत सोरपोतेल नावाच्या कालवणात जातं. वाया जवळजवळ काहीच जात नाही. सुकताना वजन घटतं हे खरं, पण विकणाऱ्याला आजच विकायची सक्ती उरत नाही. माझ्या मते छोट्या पालकाची सगळ्यात मोठी कमाई हीच.

स्वस्त खाद्याचा मार्गही इथे जुनाच. काणकोणच्या आगोंदची काळी, बुटकी ‘आगोंदा गोवन’ जात घरच्या उष्ट्या-खरकट्यावर तग धरते. वाढ मात्र सावकाश. संकरित जनावरांसाठी लोक हॉटेलांतलं उरलंसुरलं अन्न आणतात आणि धोका तिथेच आहे. आफ्रिकन स्वाइन फीव्हर भारतात २०२०मध्ये आसाम-अरुणाचलात पहिल्यांदा आढळला. माणसाला तो होत नाही, पण डुकरावर त्याला औषध नाही. विषाणू खारवलेल्या, सुकवलेल्या मांसातही महिनोन्महिने टिकतो. खरकटं नीट उकळलं नाही, तर फुकटचं खाद्य सबंध शेड रिकामी करतं. लागण झाली की भोवतालच्या एक किलोमीटरमधली शेजाऱ्याची धडधाकट डुकरंही मारावी लागतात. तसेही २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांच्या दरम्यान देशातली डुकरं सुमारे बारा टक्क्यांनी घटून ९० लाखांवर आली होती. हे साथीच्या आधीचं.

आणि सरकारी मदत? राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२१मध्ये शंभर माद्या आणि दहा नरांच्या प्रकल्पाला निम्मं, कमाल ३० लाखांपर्यंत अनुदान ठरलं. दोन माद्या पाळणाऱ्या घराला त्या आकड्यांचा काय उपयोग? ‘फँड्री’ चित्रपट पाहिलेल्या वाचकाला डुकरांचं हे काम आपल्याकडे कोणाच्या माथी मारलं जातं ते ठाऊक आहे. अशा घरांना हवं आहे ते खरकटं उकळायला सामायिक भट्टी, कापणीसाठी स्वच्छ जागा आणि मांस खारवून-सुकवून ठेवायला परवान्यासह एखादी खोली. यातलं पहिलं आणि शेवटचं काम गावपातळीवर होण्यासारखं आहे. कापणीच्या जागेचा प्रश्न गुंतागुंतीचा आहे. तो पुढच्या आठवड्यात.